मोठ्यांनीही सतरंजीवर बसायचं

कोल्हापूरला कलापूर म्हणायची जुनी रीत आहे आणि ती उगाच पडलेली नाही. आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि संध्यामठ पुन्हा पुन्हा रंगवले ते याच गावात. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढे आणला, तोही इथलाच. नट म्हणून गाजलेल्या चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतलं आपलं घर चित्रांसकट शासनाकडे सोपवलं. एवढी पुण्याई असलेल्या या गावात आज कुणाही मोठ्या माणसाच्या हातात पेन्सिल दिली तर तो ती परत करतो. “मला नाही येत चित्र,” असं म्हणतो आणि शेजारच्या मुलाला पुढे ढकलतो.

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या वरच्या सभागृहात रविवारी चित्रकलेचा वर्ग सुरू करावा, असा विषय समितीपुढे आला आहे. मुलं आणि मोठी माणसं एकत्र, आधी चार रविवार करून बघायचं. मांडणी आमच्या ग्रंथपाल ताईंची. शिकवायचं ज्यांनी, ते रेखाकला शिक्षक म्हणून निवृत्त झालेले सर मात्र या कल्पनेवर नाराज. दोघांमधलं बोलणं मी ऐकलं, जमेल तसं टिपलं आणि जिथे गप्प बसवलं नाही तिथे माझंही मत घातलं आहे.

सर : ताई, मुलांचा वर्ग काढा, मी येतो. मोठ्यांचा वेगळा काढा, त्यालाही येतो. पण दोन्ही एका खोलीत नकोत. उभा जन्म वर्गावर गेलाय माझा, एवढं ऐका.

ताई : का नकोत, ते तरी सांगा.

सर : आई शेजारी बसली की मूल कागदाकडे बघत नाही, आईच्या तोंडाकडे बघतं. रेघ मारायची आणि वर बघायचं. ती हसली तर पुढची रेघ. आणि आईचा हात शिवशिवत असतो. ‘अगं, डोंगर असा असतो होय?’ म्हणत ती पेन्सिल काढून घेते, दोन त्रिकोण काढते आणि मधोमध सूर्य बसवते. त्या पोरीचा डोंगर गेला तो गेलाच. शाळेत चित्रं जमा व्हायची तेव्हा कुठलं घरून ‘सुधारून’ आलंय ते मला लांबून ओळखू यायचं.

ताई : मग चूक शेजारी बसण्याची नाही, रिकाम्या हातांनी बसण्याची आहे. त्या आईपुढेही कागद ठेवा. तिला स्वतःचा डोंगर निस्तरायचा असला की ती दुसऱ्याच्या डोंगरात हात घालणार नाही.

सर : बोलायला सोपं आहे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक नावाचा शिक्षक होऊन गेला. मुलांसाठी त्यानं १८९७ मध्ये वर्ग काढला. बालकला म्हणून जे काही आज मानलं जातं त्याची सुरुवात सांगताना त्याचं नाव घ्यावंच लागतं. त्याचा सगळा आग्रह काय होता? मोठ्यांची सावली मुलांच्या कागदावर पडू नये. नमुना पुढे ठेवून गिरवायला लावणं त्यानं मोडीत काढलं. तुम्ही तर त्या सावलीलाच सतरंजीवर आणून बसवताय.

ताई : व्हिएन्नाला कशाला जायचं, सेवाग्राम आहे की आपल्या राज्यात. देवी प्रसाद शांतिनिकेतनात शिकले आणि १९४४ मध्ये सेवाग्रामला आले. नई तालीमच्या शाळेत ते १९६२ पर्यंत मुलांना चित्र आणि मातीकाम शिकवत होते. मुलांच्या चित्राला मोठ्यांच्या चित्राचं माप लावू नका, हे त्यांचंही म्हणणं. पण म्हणून त्यांनी मोठ्यांना हाकललं नाही. तिथे कला हा वेळापत्रकातला एक तास नव्हता. सण, शेत, स्वयंपाक, सफाई, सगळ्यांत ती होती आणि त्या सगळ्यांत मोठी माणसंही होती.

सर : तिथे सकाळपासून रात्रीपर्यंतचं आयुष्य एकत्र होतं, ताई. तुमच्या हातात रविवारचे दोन तास आहेत. दोन तासांत माणसं एकमेकांना नुसती बघून घेतात.

ताई : बरं, सेवाग्रामही सोडा. आपल्या गल्लीत दिवाळीला काय होतं? किल्ला कोण करतं?

सरांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. मला मात्र वाटतं की ताईंच्या सगळ्या बोलण्यातला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. किल्ला पोरंच करतात, पण एकटी करत नाहीत. माती कुठून आणायची ते थोरला भाऊ सांगतो. गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर कसं पसरायचं, म्हणजे डोंगराला सुरकुत्या पडतात, ते कुणीतरी काका दाखवतात. आजी वाटीभर अळीव किंवा मोहरी देते आणि रोज पाणी शिंपडायची आठवण करते. बुरुजाचा उतार पुरेसा उभा नाही म्हणून ऑफिसातून आलेले बाबा पँट वर दुमडून खाली बसतात आणि जेवायला हाक आली तरी उठत नाहीत. त्या वेळी ‘मला येत नाही’ असं कुणी म्हणत नाही. शिकवणारा आणि शिकणारा असे दोन गटही पडत नाहीत. प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा एखादी गोष्ट जास्त येत असते आणि ती तो करतो. हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय. सोसायट्या झाल्या, अंगणं गेली, तरी जिन्याखाली किंवा गाड्या लावायच्या जागेत एक कोपरा धरून किल्ला उभा राहतोच.

सर : किल्ल्याचं बोललात ते खरं आहे. पण किल्ला करताना काय करायचंय ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. बुरूज, दरवाजा, पायऱ्या, वर महाराजांचं सिंहासन, खाली मावळे. कोरा कागद तसा नसतो. कोऱ्या कागदापुढे मोठा माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस एक तर हसण्यावारी नेतो, नाहीतर दुसऱ्याच्या चुका काढतो. दोन्ही मुलांना घातक.

ताई : घाबरतो हे मान्य. कधीपासून घाबरतो, ते तुम्ही सांगा. तुमच्या डोळ्यांदेखत झालंय ते.

सर : पाचवीत वर्गावर गेलो आणि ‘फळ्यावर कोण काढणार?’ विचारलं की सगळे हात वर. बाकावर उभी राहायची पोरं. तीच पोरं सातवीत आली की विचारल्यावर खाली बघायची. मग ठरलेले तीन-चार हात. वर्ग म्हणायचा, सर, याची चित्रकला चांगली आहे, यालाच सांगा. बाकीच्यांनी स्वतःचा निकाल स्वतःच लावून टाकलेला असायचा.

ताई : हेच व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली त्यांच्या पुस्तकात मांडलंय. साधारण नवव्या वर्षापर्यंत मूल त्याला जे माहीत आहे ते काढतं. घराच्या भिंतीआडची माणसंसुद्धा काढतं, कारण ती आत आहेत हे त्याला माहीत असतं. नंतर त्याला ‘खऱ्यासारखं’ हवं असतं. डोळा पुढे जातो, हात मागे राहतो. हातानं काढलेलं डोळ्याला पटत नाही. त्या वेळी कुणी बघायला शिकवलं नाही तर ते काढणंच सोडतं. बेटी एडवर्ड्‌स यांचं १९७९ सालचं पुस्तक आपल्याकडे सारखं कुणी ना कुणी नेतं. त्यात मोठ्यांनी काढलेली चित्रं आहेत. शिकलेसवरलेले, नोकरी-धंद्यातले लोक, पण चित्र दहा-बारा वर्षांच्या मुलाचं. कारण त्यांची चित्रकला त्या वयातच थांबलेली.

सर : यात नवीन काय सांगितलंत?

ताई : नवीन हे, की तुम्ही ज्या दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवा म्हणताय ते एकाच पायरीवर उभे आहेत. एक पंचेचाळीस वर्षांचा दुकानदार, दहाव्या वर्षी थांबलेला. दुसरी दहा वर्षांची मुलगी, आज थांबायच्या बेतात असलेली. दोघांना शिकवायचं एकच आहे, समोरचं कसं बघायचं. आणि त्या मुलीला दिसलं पाहिजे की एवढ्या मोठ्या माणसालाही जमत नाही, तोही खोडतोय, तोही पुन्हा मांडी घालून बसतोय. तिला आजवर जी मोठी माणसं दिसली ती सगळी गोष्टी जमणारी. स्वयंपाक जमणारी, गाडी चालवणारी, तिच्या गृहपाठातली चूक एका नजरेत धरणारी. नवशिका मोठा माणूस मुलांना दिसतच नाही, सर. मग जमत नाही म्हणजे आपण वाईट, असं मुलं धरून चालतात.

यावर सर बराच वेळ काही बोलले नाहीत. एकत्र वर्ग म्हणजे जागेची सोय आणि कौटुंबिक करमणूक, एवढंच मीही समजत होतो. ताईंच्या या बोलण्यानं त्या एकत्र बसण्याला शिक्षणाचं कारण मिळालं. मुलांना उत्तेजन द्या, पाठ थोपटा, असं आपण येता-जाता म्हणतो. पण पाठ थोपटणारा हात स्वतः कधी काही नवं धरून चुकलेला त्यांना दिसला नाही, तर त्या थोपटण्याचा उपयोग थोडाच.

सर : बरं. मग वयाची अट घाला. सात वर्षांखालची मुलं या सतरंजीवर नकोत. त्यांना ‘खऱ्यासारखं’ नकोच असतं. त्यांच्या मजेत चाललेल्या रेघोट्यांना मोठ्यांची धडपड कशाला दाखवायची? त्यांना मागच्या गॅलरीत माती द्या. बेंदराला बैल करतात, नागपंचमीला नागोबा करतात, हात बसलेले असतात. शाडू विकत आणायचं कारण नाही, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत सांगितलं तर मळलेली माती मिळेल.

ताई : हे मला सुचलं नव्हतं. लिहून घेते.

सर : आणि दुसरं. इथे शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी होईल का, असं पालक पहिल्याच दिवशी विचारतील. एलिमेंटरी, इंटरमिजिएट. तुम्ही नाक मुरडणार, मला माहीत आहे.

ताई : मुरडणारच. चित्राचा श्रेणीशी आणि दहावीच्या वाढीव गुणांशी संबंध लावला की पोरगं चित्राकडे बघतच नाही.

सर : या बाबतीत तुम्ही चुकताय आणि मी हे सोडणार नाही. खेड्यातल्या घरात चित्रकलेसाठी रंगाची पेटी कोण आणून देतो? त्या वाढीव गुणांनी कित्येक बापांच्या खिशातून रंग काढलेत. माझी गगनबावड्याकडची मुलं शहरात आली ती या परीक्षेच्या निमित्तानं. त्यांतली काही पुढे कलानिकेतनला गेली, दळवीज आर्टला गेली, एखादा मुंबईला जेजेपर्यंत पोचला. परीक्षा नसती तर चित्र हा विषय आहे, हेच त्यांच्या घरी कळलं नसतं. आणि वस्तुचित्राच्या पेपरात असतं काय? एक तांब्या, एक वांगं, एखादं पुस्तक. तांब्याचं तोंड गोल आहे हे सगळ्यांना माहीत. पण समोर बसून बघितलं की ते गोल नसतं, लंबगोल असतं. तांब्या डोळ्याच्या रेषेत वर आला की ते आणखी चपटं होतं. हे ज्याला एकदा दिसलं त्याचं बघणंच बदललं. तुम्ही मघाशी पुस्तकातून सांगितलंत ना, बघायला शिकवावं लागतं म्हणून? ते गावोगावच्या साध्या चित्रकला मास्तरांनी या पेपराच्या निमित्तानंच शिकवलंय.

ताई : आणि स्मरणचित्र?

सर : त्याचं नाव काढू नका.

ताई : काढते. बसस्थानक, भाजी बाजार, गणपतीची मिरवणूक. तीच टोपीवाली माणसं, तीच पाठमोरी बाई, तोच टोपलीवाला. परीक्षेआधी चार आकृत्या पाठ करायच्या आणि प्रश्न कुठलाही आला तरी त्याच पेरायच्या. स्मरणाच्या नावाखाली पाठांतर.

सर : खरं आहे. शिकवणीवाल्यांनी त्याचा साचा केला आणि शाळेतल्या आम्हीही तो चालू दिला. त्यात विषयाचा दोष नाही. डोळ्यांनी बघितलेलं मनात धरून ठेवायचं आणि घरी येऊन काढायचं, यासारखा अभ्यास नाही. पण त्यासाठी पोराला आधी बाजारात नेऊन उभं करायला लागतं.

ताई : मग न्या. तिसरा रविवार रंकाळ्यावर.

सर : न्या म्हणजे? मी नेणार आणि मोठे कट्ट्यावर भेळ खात बसणार?

ताई : मोठेही काढणार. सगळ्यांनी अर्धा तास नुसतं बघायचं, कागद पिशवीतच. मग वाचनालयात परत येऊन काढायचं.

परीक्षेच्या बाबतीत मी सरांच्या बाजूचा आहे, हे सांगून टाकतो. शहरातल्या, चार पुस्तकं वाचलेल्या आमच्यासारख्यांना परीक्षेचा तिटकारा परवडतो. ज्या घरात कला म्हणजे वेळेची नासाडी मानतात, तिथे एक छापील प्रमाणपत्र मुलीला आणखी दोन वर्षं चित्र काढू देतं. तरीही पेठेतल्या या वर्गात परीक्षेची तयारी नको. ती करणारे वर्ग गावात पुष्कळ आहेत. इथे एकाच सतरंजीवर आजोबाही असणार आणि त्यांना इंटरमिजिएटला बसायचं नाही.

वेळेवरून दोघांचं वेगळंच वाजलं.

सर : सकाळी साडेआठ. उजेड स्वच्छ असतो, पोरं ताजी असतात.

ताई : रविवारी सकाळी साडेआठला कोल्हापुरातली कुठली बाई घराबाहेर पडेल? मटण आणायचं, वाटण करायचं, तांबडा-पांढरा दोन्ही रस्से, पाहुणे. सकाळची वेळ ठेवलीत की मोठ्यांच्या वर्गाला फक्त निवृत्त पुरुष येतील. दुपारी चार ते सहा.

सर : चारला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट कागदावर येतं.

ताई : जुन्या धोतराचा पडदा लावू. पण बायका यायला पाहिजेत, सर. ‘मला येत नाही’ असं सगळ्यांत जास्त त्याच म्हणतात आणि रोज सकाळी दारात काढतात त्याच.

सर : रांगोळी म्हणता? ठिपके घालून काढतात. सोळा ते आठ ठिपके काढून टाका, मग बघा हात कसा थबकतो.

ताई : काढूनच टाकायचे ठिपके. दुसऱ्या रविवारी. फरशी काळ्या शहाबादीची आहे आपली. अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून पूड सोडत अखंड रेघ ओढायची, तिची जाडी सांभाळायची, हे त्यांच्या हातात पक्कं बसलंय. फक्त ते चित्र आहे, असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

सर : थांबा. असं करा, रांगोळी बायकांनी काढायची नाही.

ताई : म्हणजे?

सर : मुलांनी काढायची आणि बायकांनी शिकवायची. मीसुद्धा मुलांत बसतो. मला चिमटीतून सरळ रेघ येत नाही, पूड फराफरा सांडते. आणि रांगोळीचा मोठा गुण सांगू? चुकली तर हातानं पुसली, झालं. कागद फुकट गेला म्हणून पोरं रडतात, ते इथे नाही. ज्या बाईनं पहिल्या रविवारी घाबरत पेन्सिल धरली असेल तिला दुसऱ्या रविवारी गुरूच्या जागी बसवायचं. तिसऱ्या रविवारी ती कागदाला घाबरणार नाही, बघा तुम्ही.

वर्गाला नाही म्हणत आलेल्या सरांच्या तोंडून वर्गाची सर्वांत चांगली कल्पना निघाली. किल्ल्याच्या बाबतीत मी म्हटलं होतं की प्रत्येकाला एखादी गोष्ट जास्त येत असते. कागदावरच्या चित्रकलेत तसं होत नाही. तिथे एकालाच येत असतं, त्याला सर म्हणतात. सरांनी ती जागा एक दिवस सोडायचं आपण होऊन ठरवलं, याचं मोल मला फार वाटतं.

पहिल्या रविवारी काय काढायचं, यावर मात्र फारशी चर्चा लागली नाही. सरांचा धडा तयार होता.

सर : दाराबाहेर सगळ्यांच्या चपला असतात. आपापली एक चप्पल उचलून आणायची आणि पुढ्यात ठेवायची. कोल्हापुरी असो, प्लॅस्टिकची असो, पोराचा शाळेचा बूट असो. चप्पल रोज पायात असते आणि कुणी तिच्याकडे बघत नाही. तिचा अंगठा कुठून निघतो, पट्टा कुठे शिवलाय, टाच कुठल्या बाजूनं झिजलीय. कागदाकडे न बघता, नजर चपलेच्या कडेवरून मुंगीसारखी चालवायची आणि तेवढ्याच वेगानं पेन्सिल. हात उचलायचा नाही. किमॉन निकोलायडीस नावाच्या अमेरिकी शिक्षकाचं पुस्तक १९४१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं, त्यातला अगदी आरंभीचा अभ्यास हाच.

ताई : चित्र कसं येतं मग?

सर : वेडंवाकडं. सगळ्यांचंच. माझंही. पट्टा एकीकडे, तळ भलतीकडे. म्हणून तर पहिल्या दिवशी घ्यायचं. कागदाकडे बघायचंच नाही म्हटल्यावर चांगलं काढायची धास्ती जाते. चांगला हात असलेला आणि नसलेला, दोघांचं सारखंच वेडंवाकडं. पण नीट बघितलंत तर त्या वेड्यावाकड्या रेघेत एखाद्या ठिकाणी, टाचेच्या झिजेपाशी म्हणा, रेघ अशी खरी आलेली असते की साध्या पद्धतीनं आली नसती. ती जागा बोटानं दाखवायची. बाकी काही बोलायचं नाही.

ताई : बोलण्यावरून आठवलं. ‘हे काय काढलंस?’ हा प्रश्न बंद. तो विचारला की मुलाला वाटतं, ओळखू येत नाहीये.

सर : ‘छान’ पण बंद. ‘छान’ म्हटलं की विषय संपतो. विचारायचंच असेल तर सुरुवात कुठून केलीस, ते विचारा. मूल आपण होऊन सांगत सुटतं. आणि दुसऱ्याच्या कागदाला कुणी हात लावायचा नाही.

ताई : तुम्हीसुद्धा?

सर : मी… आम्ही मास्तर लोक पोराच्या कागदावरच दुरुस्ती करतो हो. कोपऱ्यात काढून दाखवतो. तसंच शिकलो.

ताई : दाखवा. पण चिठोऱ्यावर. त्याच्या कागदावर नको.

सर : ठीक आहे, चिठोऱ्यावर.

सामानाचं थोडक्यात ठरलं. पूर्ण कार्ट्रिज कागदाचे चार तुकडे करायचे, म्हणजे साधारण अकरा बाय पंधरा इंचांचा एकेक. पेन्सिली टूबी आणि फोरबी. खोडरबर पहिले दोन रविवार नाही. पोस्टर कलर लाल, पिवळा, निळा आणि पांढरा, एवढेच. हिरवा बाटलीतला नको, तो करायला शिकायचं. सगळे रंग वाचनालयाचे, घरून पेटी आणायची नाही. हा नियम सरांचा आणि त्यामागे त्यांनी वर्षानुवर्षं बघितलेली गोष्ट आहे. एका बाकावर बारा रंगांची खडूपेटी आणि शेजारी अठ्ठेचाळीस रंगांची, की चित्र सुरू होण्याआधीच एक मूल हरलेलं असतं. सतरंजीवर पंचविसापेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत, हेही सरांनी पक्कं करून घेतलं. शुल्काबाबत ताई फुकट म्हणत होत्या. फुकटच्या वर्गाला माणूस पाऊस आला की येत नाही, हे सरांचं म्हणणं. थोडं शुल्क ठेवायचं आणि ज्याला जड असेल त्यानं ग्रंथपालांच्या कानावर घालायचं, यादीत तसं काही दिसणार नाही, असं शेवटी ठरलं.

चार रविवारांनंतर प्रयोग जमला की नाही हे कशावरून ठरवायचं, यावर मात्र दोघं शेवटपर्यंत जुळले नाहीत.

ताई : चौथ्या रविवारी कोण परत आलं, ते बघायचं. आणि कुणी सोबत शेजारणीला आणलं का, तेही. आपल्याला कलावंत घडवायचे नाहीत. पेठेतल्या माणसांना आठवड्यातून एकदा एकत्र बसून हातानं काहीतरी करायची जागा हवी, ती मिळाली की झालं.

सर : परत येतात ते चहासाठीही येतात. मी पहिल्या दिवसाचा प्रत्येकाचा कागद तारीख घालून ठेवणार. चौथ्या रविवारी पुन्हा तीच चप्पल काढायला लावणार, या वेळी कागदाकडे बघून. दोन्ही शेजारी ठेवायचे. बघण्यात काही बदल दिसला तर वर्ग चालू ठेवा. नाही दिसला तर नुसत्या गप्पांसाठी वाचनालयाचे कागद घालवू नका. मोठ्या माणसांना हे सांगायला लाजू नका, ताई. ती शिकायला आलेली आहेत, त्यांना शिकल्याचं दिसायला हवं. लहान मुलाला कौतुक पुरतं. मोठ्याला कौतुकानं संशय येतो.

ताई : आणि एखाद्या आजोबांचा हात कापत असेल तर? त्यांची रेघ चार रविवारांत सुधारणार आहे का?

सर : कापणाऱ्या हाताची रेघ वाईट असते, असं मी कुठे म्हटलं? त्यांनी टाचेची झीज बघितली का, एवढंच मी बघणार.

ताई : तो कागद मग भिंतीवर लावायचा. सगळ्यांचे लावायचे, पहिले आणि शेवटचे. नंबर नाहीत, बक्षीस नाही.

सर : बक्षिसाला माझा विरोध नसतो, तुम्हाला माहीत आहे. स्पर्धेच्या एका शिक्क्यानं पोरं वर्षभर काढत राहिलेली मी बघितलीत. पण एकाच भिंतीवर नातू आणि आजोबा असतील तर नंबर कुणाला देणार? नको बक्षीस. आणि पहिले कागद लावायला माझा नकार आहे. पहिला कागद त्याचा त्याच्यापाशी राहू दे. लोकांना कशाला दाखवायचा?

ताई : लोकांनाच दाखवायचा. खाली पेपर वाचायला येणारी माणसं जिना चढून वर येतील, वेडीवाकडी चप्पल बघतील आणि म्हणतील, हे तर आपल्यालाही येईल. पुढच्या महिन्याची सतरंजी त्यांच्यातूनच भरणार आहे.

सर : ज्यानं काढलंय त्याला विचारून. एकेकाला वेगळं विचारायचं, सगळ्यांसमोर नाही. आणि आधी तुमच्या समितीची नावं यादीत घाला, अध्यक्षांसकट. उद्घाटनाचं भाषण नको, हार-तुरे नकोत. चारला यायचं, चप्पल हातात घेऊन वर यायचं आणि सतरंजीवर बसायचं. त्यांच्या चपला भिंतीवर लागल्या तर बाकीच्यांना विचारायला मला अवघड जाणार नाही.

ताईंनी यादी काढली. पहिलं नाव अध्यक्षांचं घातलं, दुसरं माझं.